चार मीटर खाली

फॉर्च्यून हेडच्या कड्यावर उभी राहून
जून ते सप्टेंबर मी रोज तेच सांगते,
धुकं नसेल तर.
हे बघा, माझ्या बुटाच्या टोकाशी
एक संपलं आणि दुसरं लागलं.
खाली एडियाकरन, वर कॅम्ब्रियन.
लोक वाकून बघतात.
खडक करडा-हिरवा,
वरही ओला, खालीही ओला.

जर्मनीहून आलेला एक पोरगा म्हणाला,
बाई, पण रेघ कुठाय?
म्हटलं, रेघ नसते रे. रेघ ठरते.

ठरली ती एका किड्यावरून.
त्याचं हाड नाही, शिंपला नाही,
तोंड कुठलं नि शेपूट कुठली, कुणाला ठाऊक नाही.
चिखलात शिरला, वर आला,
जरा सरकून पुन्हा शिरला.
शिवण शिकणाऱ्या पोरीचे टाके असतात ना,
तसा वेडावाकडा माग.
त्याच्याआधी म्हणे चिखल असा कुणी उसवला नव्हता.
समुद्राच्या तळाशी सगळं
सपाट पसरून पडलेलं, कुणाचं कुणाशी वाकडं नाही.
मग हा आला, उकरत सुटला,
आणि चोपन्न कोटी वर्षांनी
चष्मेवाल्या माणसांनी हात वर करून म्हटलं,
इथून धरू.

ते ब्याण्णव साल. सभा जपानात.
आम्हाला पत्ताही नव्हता.
त्याच उन्हाळ्यात बेटाच्या पूर्वेचा कॉड सरकारनं बंद केला,
वर्षभरानं आमचाही.
एकोणीस वर्षं मी कारखान्यात मासा चिरला होता,
झोपेत बोटं चालायची.
एका शुक्रवारी पांढरे बूट घरी आणले
आणि दाराशी उपडे ठेवले, सुकायला.
अजून तिथंच आहेत.

माझी आई लॉर्ड्स कोव्हची.
तिच्या हिशेबात काळ दोनच,
लाटेआधी आणि लाटेनंतर.
एकोणतीस सालची ती लाट. आई सात वर्षांची.
कोंबड्या कधी घेतल्या? लाटेनंतर.
मामाचं लग्न? लाटेआधी, पण थोडंच.
तिला कधी तारीख लागली नाही.

आता आमचंही तसंच.
बंदीआधी क्लेटन गायचा.
बंदीनंतर तो अल्बर्टाला, तेलाच्या कामावर,
तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे,
आणि त्या एका आठवड्यात
होडीला रंग.
पाण्यात न जाणाऱ्या होडीला.

पण कड्याची गोष्ट अजून संपली नाही.
नंतर दुसरी माणसं आली, गुडघ्यांवर रांगली,
आणि तोच माग त्यांना
रेघेच्या चार मीटर खाली सापडला.
म्हणजे किडा आधीच आला होता.
सभेनं धरलं त्याच्या बराच आधी
तो मुकाट्यानं कामाला लागला होता.
मग रेघ खाली सरकवली का?
नाही. ठरली तिथंच राहिली.
हे मी पाहुण्यांना शेवटी सांगते. ते हसतात.
मीही हसते, पंधरा डॉलरमध्ये तेही येतं.

सगळे गेल्यावर मात्र मी खाली उतरते,
ओहोटी असेल तर, कठड्याला धरत.
सत्त्याऐंशीचा हिवाळा असेल, किंवा अठ्ठ्याऐंशी,
मासा लहान यायला लागला होता.
पातं हाडाला आधीच्यापेक्षा लवकर लागायचं.
शेजारच्या टेबलावरच्या विनी स्नूकनं माझ्याकडे पाहिलं,
मी तिच्याकडे.
कुणी काही बोललं नाही.
तिला हप्ते होते, मला पण.
क्लेटन त्याच सुमारास
गाण्याच्या मधेच थांबायला लागला,
शब्द विसरल्यासारखा.

आमची रेघ कागदावर आहे, त्र्याण्णवची, शिक्क्यासकट.
कुणी विचारलं तर मी तीच सांगते.

खडकाचा हा थर हाताला गार लागतो.
बोट फिरवलं की टाके जाणवतात,
आत, बाहेर, आत.
वर भोंगा सुरू झालाय.
धुकं येतंय, सेंट-पियरची बोट दिसेनाशी झाली,
आणि मला अजून
खोपटाला कुलूप लावायचंय.